नगराचें वाहन आणि नगराचा हक्क

मुंबईंत दादर पूर्वेच्या एका चौकास लोक आजही 'दादर टीटी' म्हणतात. हीं दोन अक्षरें म्हणजे 'ट्राम टर्मिनस', हें तेथें रोज उतरणाऱ्या पुष्कळांस ठाऊक नसेल. कारण बोरीबंदराहून दादरास शेवटची ट्राम ता. ३१ मार्च १९६४ रोजीं गेली, त्यास साठांवर वर्षें लोटलीं. ट्राम गेली, नांव तेवढें राहिलें. ज्या बसगाडीनें ट्रामची जागा घेतली तिचेंही पुढें नुसतें नांवच राहावयाचें कीं काय, अशी शंका आतां येऊं लागली आहे. म्हणून या वाहनांचा पूर्ववृत्तांत आम्ही वाचकांपुढें मांडीत आहों. तो केवळ जुन्या आठवणींचें कौतुक करण्यासाठीं नव्हे. त्यांत व्यवहाराचा एक मोठा धडा आहे.

मुंबईंत ट्रामची गोष्ट प्रथम १८६५ सालीं निघाली. एका अमेरिकन कंपनीनें परवाना मागितला व तो तिला मिळालाही. परंतु त्याच वर्षीं अमेरिकेंतील यादवी युद्ध संपलें, कापसाचा भाव कोसळला, मुंबईच्या कित्येक पेढ्या बुडाल्या, आणि ट्रामची योजना कागदावरच राहिली. पुढें ता. ९ मे १८७४ रोजीं कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीस आणि बोरीबंदराहून काळबादेवीवरून पायधुणीस, अशा दोन मार्गांवर घोड्यांची ट्राम सुरू झाली. आरंभीं भाडें तीन आणे होतें. उतारूंची गर्दी वाढली तसें तें दोन आण्यांवर आलें. ही कंपनी कांहीं धर्मार्थ चाललेली नव्हती. तरीही, माल स्वस्त केला म्हणजे गिऱ्हाईक वाढतें, हें पेठेंतल्या कोणाही दुकानदारास ठाऊक असलेलें तत्त्व तिला लौकरच उमगलें.

१९०५ सालीं या व्यवसायास नवें वळण लागलें. 'बाँबे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी' स्थापन होऊन शहरास वीज पुरविणें आणि विजेवर ट्राम चालविणें हीं दोन्ही कामें तिच्या हातीं आलीं. ता. ७ मे १९०७ रोजीं विजेची पहिली ट्राम धांवली, आणि घोड्यांचे दिवस संपले. १९२० सालीं दुमजली ट्राम आली. ता. १५ जुलै १९२६ रोजीं अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या मार्गावर पहिली बसगाडी सुटली, व १९३७ सालीं दुमजली बसही रस्त्यावर आली. कंपनी परकीय भांडवलाची होती आणि तिनें नफा मिळविला, हें खरें. पण तिचें काम पद्धतशीर होतें, हें कबूल न करणें न्यायाचें होणार नाहीं.

तथापि या सर्व इतिहासांत आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते ती ट्राम नव्हे, बसही नव्हे. ती गोष्ट म्हणजे करारांतलें एक कलम. १९०५ सालीं कंपनीला सवलत देतांना, ठराविक मुदतीनंतर हा सारा व्यवसाय विकत घेण्याचा हक्क नगरपालिकेनें आपल्याकडे राखून ठेविला होता. ज्यांनीं तें कलम घातलें त्यांपैकीं बहुतेकांस त्याचें फळ पाहावयास मिळालें नसेल. परंतु बेचाळीस वर्षांनीं, ता. ७ ऑगस्ट १९४७ रोजीं, म्हणजे देश स्वतंत्र होण्याच्या आठच दिवस आधीं, त्याच हक्काच्या बळावर मुंबईची वीज, ट्राम आणि बस हीं मुंबईच्या नगरपालिकेच्या मालकीचीं झालीं. त्या वेळीं २३ मार्गांवर २४२ बसगाड्या धांवत होत्या. यासाठीं सत्याग्रह करावा लागला नाहीं. दूरदृष्टीनें लिहिलेला एक कागद पुरेसा झाला.

पुढें अनेक वर्षें विजेच्या उत्पन्नांतून बसची तूट भरून निघत असे. मोठ्या भावाच्या दुकानानें धाकट्याचें दुकान सांभाळावें, तसा हा घरचा व्यवहार होता. परंतु विजेचे दर ठरविण्याचें काम नियामक आयोगाकडे गेलें, बसच्या उतारूची तूट वीजग्राहकानें कां सोसावी असा आक्षेप निघाला, आणि तो आधार हळूहळू सुटला. मग नगरपालिकेच्या मदतीवर आणि भाड्यानें घेतलेल्या गाड्यांवर भिस्त आली. २०१९ च्या जुलैंत किमान भाडें पांच रुपयांवर आणलें, तेव्हां लोकांनीं त्याचें स्वागत केलें. २०२५ च्या मे महिन्यांत तेंच दुप्पट करावें लागलें. दरम्यान संस्थेच्या मालकीच्या गाड्या मोडींत निघत गेल्या, त्यांच्या जागीं कंत्राटदारांच्या गाड्या आल्या, आणि कंत्राटदारानें मध्येंच काम सोडल्यानें उतारू थांब्यांवर तिष्ठत राहिल्याचे प्रसंगही घडले.

खाजगी भांडवलास आमचा सरसकट विरोध नाहीं. १९०५ ची कंपनीही खाजगीच होती. आमचा प्रश्न वकिलाचा आहे, आणि तो सरळ आहे: आजच्या करारांत नगराच्या हिताचें कलम कोणतें? कंत्राटदार निघून गेला तर त्याच्या गाड्या चालू ठेवण्याचा हक्क नगरास आहे काय? आगारांच्या मोक्याच्या जमिनी गाड्यांसाठींच राहतील, अशी हमी कोठें लिहिली आहे काय? हे करार करदात्यास सहज वाचावयास मिळतात काय? परक्यांच्या राज्यांत आपल्या नगरपालिकेनें जेवढी सावधगिरी दाखविली, तेवढीही स्वराज्यांत दाखवितां येऊं नये, हें आम्हांस लाजिरवाणें वाटतें.

बस तोट्यांत चालते, मग ती कशाला हवी, असें कोणी म्हणतील. रस्त्यावरचा दिवा नफ्यांत चालतो काय? गटार कोणास व्याज देतें काय? तरीही त्यांवाचून शहर चालत नाहीं म्हणून आपण त्यांचा खर्च दरसाल अंदाजपत्रकांत धरतों. बसचेंही तसेंच आहे. व्यापाऱ्यांनीं तर हें विशेष ध्यानांत घ्यावें: त्यांचा गुमास्ता बसनें येतो, हमाल बसनें येतो, आणि गिऱ्हाईकही बसनेंच येतें. ज्या दिवशीं बस बंद असते त्या दिवशींचा गल्ला त्यांनीं मोजून पाहावा, म्हणजे तोटा नेमका कोणाचा होतो तें कळेल. ट्राम काढतांना ती संथ आहे, मोटारींच्या वाटेंत येते, असें सांगण्यांत आलें होतें. ट्राम गेली, पण वाट मोकळी झाली नाहीं, मोटारीच वाढल्या. अनेकांस नेणारें वाहन काढून थोडक्यांस नेणाऱ्या वाहनांस जागा करून दिली, तर शेवटीं कोणीच वेळेवर पोहोंचत नाहीं.

तेव्हां नगरसेवकांस आमचें सांगणें एवढेंच कीं, बसचा खर्च उपकार म्हणून नव्हे, तर कर्तव्य म्हणून दरसाल मंजूर करा. स्वतःच्या मालकीच्या गाड्या पुन्हां घ्या. आणि जेथें कंत्राट द्यावेंच लागेल तेथें नगराचा हक्क आधीं लिहा, मग सही करा. नागरिकांसही आमची विनंती आहे कीं, मत मागावयास येणाऱ्यास हा प्रश्न अवश्य विचारावा. १९०५ च्या एका कलमाचें फळ आपल्याला १९४७ सालीं मिळालें. आजच्या करारांचें फळ आपल्या नातवंडांच्या पदरांत पडावयाचें आहे. तें गोड कीं कडू, हें ठरविण्याची वेळ आतांच आहे.