मोपाच्या सड्यावरील लढा

कुलदेवतेच्या दर्शनासाठी वर्षातून एकदा तरी गोमंतकात जाणारी कुटुंबे आमच्या वाचकवर्गात पुष्कळ आहेत. इंदूर, बडोदे, हैदराबाद येथून विमानाने येणाऱ्या मंडळींना दाबोळीखेरीज आणखी एक विमानतळ आता उपलब्ध झाला आहे, तो पेडणे तालुक्यातील मोपाचा. डिसेंबर २०२२ मध्ये त्याचे उद्घाटन झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून तेथून उड्डाणे सुरू झाली. त्या सोयीचा लाभ आम्हीही घेतो. तेव्हा पुढील हकीकत सांगताना दुसऱ्या कोणाकडे बोट दाखविण्याचा अधिकार आम्हांस फारसा नाही.

मोपा हा मुळात सडा. कोकण-गोव्यातील सडे ज्यांनी उन्हाळ्यात पाहिले असतील त्यांना ते उजाड, काळवंडलेल्या जांभ्या दगडाचे माळ वाटतात, आणि नकाशावर बोट ठेवणाऱ्या अधिकाऱ्याला तर ती फुकट गेलेली जागाच वाटते. वस्तुतः सडा म्हणजे गावाची पाण्याची कोठी होय. पावसाळ्यात शेकडो इंच नव्हे, पण शंभरावर इंच पाऊस येथे सहज कोसळतो. सच्छिद्र जांभा आणि त्याच्या भेगा हे पाणी पोटात घेतात, खालच्या चिकणमातीच्या थराशी ते अडते आणि पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. याच पाण्यावर खालच्या वाड्यांतील माड-पोफळीची कुळागरे आणि विहिरी वैशाखापर्यंत तग धरतात. सड्यावर काजूची लागवड होती, गुरांना चराई होती. तेथे राहणाऱ्या काही धनगर कुटुंबांना विमानतळासाठी आपली वस्ती सोडून अन्यत्र जावे लागले.

विमानतळ हवा असे म्हणणाऱ्यांची बाजूही अगदीच लंगडी नव्हती. दाबोळी हा नौदलाचा तळ. तेथे नागरी उड्डाणांवर मर्यादा येतात. शिवाय पेडणे तालुक्यातील तरुणांना रोजगाराची आशा होती. म्हणूनच हा वाद ‘विकास हवा की नको’ असा राहिला नाही. सरकारने मंजुरी मागताना खरे सांगितले काय, या प्रश्नावर तो येऊन ठेपला.

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २०१५ च्या ऑक्टोबरात मंजुरी दिली. स्थानिक रहिवासी हनुमान लक्ष्मण आरोसकर आणि फेडरेशन ऑफ रेनबो वॉरियर्स ही संस्था यांनी तिला आव्हान दिले. हरित न्यायाधिकरणाने २०१८ च्या ऑगस्टात काही जादा अटी घालून ती मंजुरी कायम केली. तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले.

तेथे चर्चा झाली ती एका छापील अर्जाची. पर्यावरणीय मंजुरीची सारी इमारत २००६ च्या अधिसूचनेनुसार प्रकल्पकर्त्याने स्वतः भरलेल्या ‘फॉर्म १’वर उभी असते. पंधरा किलोमीटरांच्या परिसरात वने आहेत काय, पाणथळ जागा आहेत काय, संवेदनशील क्षेत्रे आहेत काय, असे त्यात सरळ प्रश्न असतात. सड्यापलीकडे लगेच सिंधुदुर्ग जिल्हा लागतो आणि पश्चिम घाटातील संवेदनशील प्रदेशही दूर नाही. परंतु झाडे व जीवसृष्टी राज्याची सीमा पाहून वाढत नाहीत, हे अर्ज भरणाऱ्याच्या ध्यानी आले नसावे. तोडावयाच्या झाडांचेही खरे चित्र आरंभी पुढे आले नव्हते. ती संख्या नंतर पन्नास हजारांच्या वर गेली. २९ मार्च २०१९ रोजी न्या. धनंजय चंद्रचूड व न्या. हेमंत गुप्ता यांच्या पीठाने या लपवाछपवीवर कठोर शब्दांत बोट ठेवले, मंजुरी स्थगित केली आणि तज्ज्ञ समितीला फेरविचार करण्यास सांगितले.

आमच्या मते या लढ्याचा खरा विजय तो हाच. गावकरी व मूठभर कार्यकर्ते यांनी राज्य सरकारच्या अर्जातील रिकाम्या जागा न्यायालयापुढे मांडल्या आणि न्यायालयाने त्या वाचल्या. असा योग वारंवार येत नाही.

परंतु मूळ जागा वाचली नाही, हेही सांगितलेच पाहिजे. समितीने नव्या अटींसह पुन्हा शिफारस केली आणि १६ जानेवारी २०२० रोजी न्यायालयाने स्थगिती उठविली. अटींच्या पालनावर देखरेख ठेवण्याचे काम नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेकडे सोपविण्यात आले. बांधकाम पुढे सरकले, पहिल्या टप्प्यात वर्षाला सुमारे ४४ लाख प्रवाशांची सोय झाली, आणि विमानतळास मनोहर पर्रीकरांचे नाव देण्यात आले.

झाडांच्या मोबदल्यात झाडे लावण्याची अटही होतीच. काजूचे रोप चार-पाच वर्षांत फळते. पण जांभ्यात रुजलेल्या जुन्या वृक्षाची मुळे पाणी जमिनीत मुरविण्याचे जे काम करतात, त्यासाठी रोपट्याला कित्येक पावसाळे लागतात. पुढच्या खेपेस मोपाला उतरणाऱ्या आमच्या वाचकांनी मंगेशीला किंवा शांतादुर्गेला जाण्याची घाई थोडी आवरावी, पायथ्याच्या एखाद्या वाडीत गाडी थांबवावी आणि तेथील वडीलधाऱ्यांना विचारावे, की विहिरीचे पाणी यंदा कोणत्या महिन्यापर्यंत पुरले.