लहान मनोरा लवकर का पडतो?

सिनेमा कसा बनतो ते दाखवणाऱ्या थीम पार्कांवर एक आक्षेप हमखास घेतला जातो: गुपित फुटले की गंमत गेली. मला तो पटत नाही. पडद्यावरची फसवणूक साधायची तर भौतिकशास्त्राशी इमान राखावे लागते, आणि ते इथे उघड्या डोळ्यांनी पाहता येते. लंडनजवळच्या लीव्ह्जडन येथे वॉर्नर ब्रदर्सची स्टुडिओ टूर 2012 पासून खुली आहे. तिथले हॉगवर्ट्सचे मॉडेल हॅरी पॉटरच्या चित्रपटांसाठी 1:24 प्रमाणात बांधलेले आहे. समजा, अशा मॉडेलातला मनोरा कोसळताना दाखवायचा आहे. 24 मीटरवरून सुटलेला दगड सुमारे 2.2 सेकंदांत जमिनीवर येतो. मॉडेलमध्ये ती उंची 1 मीटर उरते आणि खडा 0.45 सेकंदातच खाली पोचतो, कारण मॉडेल लहान केले म्हणून गुरुत्वाकर्षण कमी होत नाही. पडायला लागणारा वेळ उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. 24 चे वर्गमूळ साधारण 4.9, म्हणून सेकंदाला 24 ऐवजी जवळपास 118 फ्रेम टिपायच्या आणि त्या नेहमीच्या वेगाने दाखवायच्या. एवढे केले की खडा दगडासारखा जड वाटू लागतो. हे गणित कळलेला प्रेक्षक पुढच्या वेळी कोसळणारा मनोरा पाहून कमी दचकेल असे नाही; सरळ रेषा वाकड्या भासवणारी चित्रे, रेषा मोजून पाहिल्यानंतरही वाकडीच भासतात. दादासाहेब फाळक्यांनी तर 1917 मध्येच ‘चित्रपट कसे तयार करतात’ हा लघुपट काढला होता. प्रेक्षक दुरावण्याची भीती त्यांना वाटली नाही, आणि ट्रिकदृश्यांनी भरलेला ‘कालिया मर्दन’ त्यानंतर, 1919 मध्ये आला.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. चित्रपट-निर्माते कार्ल लेम्ली यांनी 1915 मध्ये युनिव्हर्सल सिटी हा स्टुडिओ उघडला तेव्हा लोक 25 सेंट देऊन खरेखुरे शूटिंग पाहत; बोलपट आले आणि सेटवर शांतता हवी म्हणून ते बंद पडले. 1964 मध्ये टूर पुन्हा सुरू झाली. पण तिथला 1989 चा ‘अर्थक्वेक’ हा ट्रॅममध्ये बसून पाहायचा भूकंपाचा देखावा मुळात पर्यटकांसाठीच उभारलेला आहे, मग त्यात सिनेमा कुठे दिसतो? तो दिसतो भूकंप थांबल्यावर. भुयारी रेल्वे स्थानकात रस्त्याचा स्लॅब खाली येतो, टँकर घसरतो, पाणी घुसते. आणि पुढच्या ट्रॅमसाठी स्लॅब वर उचलला जातो, टँकर जागेवर जातो, पाणी ओसरते. रिटेकसाठी नेमके हेच लागते: तोच अपघात, त्याच क्रमाने, पुन्हा. मला तर कोसळण्यापेक्षा ही आवराआवर जास्त शिकवणारी वाटते.

इथले पाणी खरे आणि भरपूर असण्यालाही कारण आहे. पाणी फुटून थेंब होतात त्यात पृष्ठताणाचा मोठा वाटा असतो, आणि मॉडेल लहान केले म्हणून थेंब त्या प्रमाणात लहान होत नाहीत. छोट्या जहाजावर लाट आदळली की शिंतोडे खलाशाच्या डोक्याएवढे दिसतात आणि कॅमेऱ्याचा वेग वाढवूनही हा दोष जात नाही. आता बरेच काही संगणकावर होते, तेव्हा हे सगळे जुने झाले, असेही म्हणतात. पण संगणकातल्या लाटेलाही ती किती मीटर उंच आहे हे सांगावेच लागते. आकडा चुकला, तर महासागर बादलीतल्या पाण्यासारखा हिंदकळतो.