टाचणी शोधा
(वर्तमानपत्रातले तत्त्वज्ञ : लेखांक ७)

तान्हं मूल रडतंय, काही केल्या थांबत नाही. सांभाळणारी दाई तर्क लढवू लागते. मुळात स्वभावच असा, याला हे आवडत नाही, ते सोसत नाही, अगदी बापावर गेलंय. तर्कावर तर्क चढत जातात आणि शेवटी टोचणारी टाचणी सापडते. रडण्याचं कारण तेवढंच. फ्रेंच तत्त्वज्ञ आलँ याचा १९२२ सालचा एक छोटा लेख असा सुरू होतो आणि तिथून थेट अलेक्झांडरकडे वळतो. ब्युसेफलस घोडा कुणालाही पाठीवर बसू देत नव्हता. बघणारे म्हणाले, जनावरच वाईट खोडीचं. अलेक्झांडरच्या लक्षात आलं, की घोडा स्वतःच्या सावलीला बुजतोय. तो उसळतो, सावलीही उसळते आणि भीती वाढतच जाते. त्याने घोड्याचं तोंड सूर्याकडे फिरवून धरलं आणि घोडा शांत झाला. आलँचे वडील जनावरांचे डॉक्टर होते. बुजलेला घोडा कसा दिसतो हे या लेखकाला पुस्तकातून शिकावं लागलं नसणार.

माणसाच्या स्वभावाला नावं ठेवण्याआधी टाचणी शोधा, हे आलँचं सांगणं. रोजच्या रुसव्याफुगव्यांपासून सरकारपर्यंत प्रत्येक गोष्टीकडे तो याच नजरेने पाहत राहिला.

त्याचं खरं नाव एमिल शार्तिए. जन्म १८६८, नॉर्मंडीतल्या मोर्तान्य गावी. आलँ हे वर्तमानपत्रासाठी घेतलेलं टोपणनाव. पेशाने तो शेवटपर्यंत शाळामास्तर राहिला. लोरियाँ, रुआँ आणि मग पॅरिसमधल्या शाळांमध्ये तत्त्वज्ञान शिकवलं. १९०९ ते १९३३ अशी जवळजवळ पंचवीस वर्षं तो पॅरिसच्या आँरी-कात्र शाळेत होता. विद्यापीठात त्याने कधी खुर्ची धरली नाही. रुआँच्या वर्गात त्याच्यासमोर बसलेला एक मुलगा पुढे आंद्रे मोर्वा या नावाने लेखक झाला. पॅरिसच्या वर्गात पुढे तत्त्वज्ञ झालेली सिमोन वेल होती.

रुआँच्या ‘ला देपेश द रुआँ’ या दैनिकात तो आधी आठवड्याला एक मोठा लेख लिहायचा. त्या लेखाची टांगती तलवार आठवडाभर डोक्यावर असायची आणि लेख फसला तर पुढचा आठवडाही वाया जायचा. यावर त्याने काढलेला उपाय ऐकून कुणीही संपादक चकित होईल. त्याने रोज लिहायला घेतलं. आजचा बिघडला तर उद्याचा आहेच. १६ फेब्रुवारी १९०६ ते १ सप्टेंबर १९१४ या काळात त्याने अशी ३०९८ टिपणं लिहिली. त्यांना तो ‘प्रोपो’ म्हणायचा, म्हणजे सहज बोलल्यासारखं चार शब्दांचं टिपण.

लिहिण्याचा नियमही ठरलेला. पत्र लिहायचे दोन कागद घ्यायचे आणि एका बैठकीत लिहायचं, खाडाखोड करायची नाही. कागद संपला की लेख संपला. मला वाटतं, त्याचं तत्त्वज्ञान या दोन कागदांनी घडवलं. व्याख्या, पूर्वपक्ष, उत्तरपक्ष यांना तिथे जागाच नाही. पहिल्या ओळीत समोरची वस्तू आणावी लागते आणि पाचव्या ओळीपर्यंत तिच्याविषयी काहीतरी निश्चित म्हणावं लागतं. याची किंमतही आहे. काही प्रोपो ऐन रंगात आल्यावर तुटतात. काही इतके आखडलेले आहेत, की दोनदा वाचूनही शेवटचं वाक्य हाती लागत नाही. रुआँचा दुकानदार न्याहारीच्या वेळी ते कसे वाचत असेल, असा प्रश्न पडतो. पण वाचकाला कमी समजतं असं धरून आलँने कधीच लिहिलं नाही, आणि त्याचा मोठेपणा मला इथेच दिसतो. तत्त्वज्ञ देकार्तचे मनोविकारांवरचे विचार तो देकार्तचं नाव न घेताही त्या दुकानदारासमोर ठेवत असे.

ठसक्याचंच बघा. १९१२ सालच्या एका प्रोपोत आलँ विचारतो, पाण्याचा घोट चुकीच्या वाटेने गेला की काय होतं? सगळं शरीर गोंधळ करून धावून येतं. प्रत्येक स्नायू आपल्या परीने ओढतो, छाती धडधडते आणि माणूस जोरजोराने श्वास आत ओढायला बघतो. तिथेच तो फसतो. शरीर सैल सोडलं, हवा आत ओढायच्या ऐवजी अडकलेला थेंब बाहेर जाऊ दिला, तर काम भागतं. खोकताना चिडणारा माणूस घसा आणखी खरवडून घेतो, खाजवणारा खाज वाढवतो. आलँच्या मते संताप हा असाच मनाचा ठसका आहे. ज्या कारणाने तो सुरू झाला ते केव्हाच संपलेलं असतं, पुढे तो स्वतःवरच पोसला जातो. झोप येत नाही म्हणून झोपेवर चिडणाऱ्या माणसाचंही तेच. म्हणून रागावलेल्याला समजावत बसू नका, त्याला बसायला खुर्ची द्या, हात मोकळे करायला सांगा, असा आलँचा कल. विचाराने विकार जिंकता येत नाही, शरीराच्या हालचालीने जिंकता येतो. हे देकार्तकडून आलेलं आहे, पण ठसका लागलेल्या माणसाला ते कळावं असं लिहिणं आलँचं.

पावसावरही एक प्रोपो आहे. पाऊस पडायचा तो पडणारच, त्याला शिव्या घालून थेंब कमी होत नाहीत. मग चांगला पाऊस म्हणायला काय हरकत आहे, असं तो विचारतो. ही वरवरची आशावादी शिकवण नाही. खराब मनःस्थिती आपोआप येते, प्रसन्नता मात्र ठरवून मिळवावी लागते, आणि ती मिळवणं हे आपल्याभोवतीच्या माणसांबद्दलचं कर्तव्य आहे, असं त्याचं म्हणणं होतं.

राजकारणातही त्याची तीच नजर. सत्ता कुणाचीही असो, अंकुश नसेल तर ती बिघडते. नागरिकाने कायदा पाळावा, कर भरावा, पण मनाने कुणापुढे लोटांगण घालू नये. मत देणं म्हणजे राजा निवडणं नव्हे, राज्यकर्त्यांवर पहारा बसवणं. १९१३ मध्ये लष्करी सेवा तीन वर्षांची करण्याच्या कायद्याला त्याने विरोध केला. युद्ध पेटल्यावर मात्र सेहेचाळीस वर्षांचा हा मास्तर, वयाने सुटका असतानाही, स्वतःहून तोफखान्यात साधा शिपाई म्हणून भरती झाला. १९१६ मध्ये व्हर्दँजवळ गाडीच्या चाकात सापडून त्याचा पाय चिरडला. १९२१ च्या ‘मार्स’ या पुस्तकात त्याने आघाडीवर पाहिलेलं मांडलं. हुकूम सोडण्याची चटक आणि निमूट मान तुकवण्याची सवय यांत युद्धाचं मूळ किती खोल आहे, हे त्या पुस्तकाइतकं जवळून दाखवणारी पुस्तकं थोडी आहेत.

इथे थांबलो तर आलँचं अर्धंच चित्र दिसेल. १९३४ मध्ये फॅसिझमविरुद्ध सावध राहण्यासाठी विचारवंतांनी जी समिती काढली, तिच्या संस्थापकांत तो होता. पण पुढे काहीही करून शांतता, याच मताला तो चिकटून राहिला. सप्टेंबर १९३९ मध्ये तात्काळ तहाची मागणी करणाऱ्या पत्रकावर त्याची सही आहे. १९३७ ते १९५० या काळातली त्याची रोजनिशी २०१८ मध्ये छापून आली, तेव्हा त्याहून वाईट गोष्टी बाहेर पडल्या. तिच्यात ज्यूद्वेषाचे उतारे आहेत. या द्वेषातून सुटका हवी आहे पण ती जमत नाही, असंही त्याने तिथे लिहून ठेवलंय. १९४० मध्ये जर्मनीचा विजय व्हावा अशी इच्छाही तिथे आहे.

ही त्याच्या म्हातारपणातली चूक म्हणून बाजूला ठेवता येत नाही. युद्धखोरी हा मुळात संतापाचा, मानापमानाचा खेळ आहे असं तो तीस वर्षं शिकवत होता. १९१४ च्या युद्धाला ते बऱ्याच अंशी लागू पडतं. हिटलरकडे मात्र आखलेला बेत होता, लिहून छापलेला सिद्धांत होता. ठसक्यावरचा उपाय त्यावर चालणार नव्हता, आणि हे आलँला दिसलं नाही. स्वतःच्या मनातला द्वेष दिसला, पण त्याची टाचणी त्याने शोधली नाही.

तरीही आलँ वाचावा, असंच मी सांगेन. १९२५ मध्ये प्रथम निघालेलं आणि १९२८ मध्ये वाढवलेलं ‘सुखाविषयीचे प्रोपो’ हे त्याचं सर्वांत खपलेलं पुस्तक इंग्रजीत उपलब्ध आहे. घोड्याचा लेख त्यात पहिलाच आहे. रोज एक वाचा, एका बैठकीत दहा वाचू नका. ते तसे लिहिलेलेच नाहीत.

पुढच्या आठवड्यात माद्रिदच्या ‘एल सोल’ या दैनिकाकडे वळू. स्पॅनिश तत्त्वज्ञ ओर्तेगा ई गासेतचं ‘सामान्यांचं बंड’ हे गाजलेलं पुस्तक १९२९ पासून तिथे क्रमशः छापून येऊ लागलं होतं.