दगडफुलाचा पत्ता

नागपूरच्या इतवारींत मसाल्याचें सामान घेतांना धणे, लवंग, खोबरें यांजबरोबर दगडफुलाची पुडीहि बांधून घेतली जाते. वरून करडें, खालून काळें आणि हातांत चुरणारें हें द्रव्य वस्तुतः फूल नव्हे. आणि पुष्कळदां तें दगडावरचेंहि नसतें, डोंगरांतील झाडांच्या सालीवरून खरवडलेलें असतें. वनस्पतिशास्त्रांत या वर्गास शैवाक म्हणतात.

शैवाक म्हणजे दोन जीवांचा एकत्र संसार होय. त्यांतील कवक आसरा देतें व ओल धरून ठेवतें. शैवल सूर्यप्रकाशाच्या साहाय्यानें अन्न तयार करतें. स्विस शास्त्रज्ञ श्वेंडेनर यानें १८६७ सालीं हा विचार मांडला, तेव्हां अनेक अभ्यासकांनीं तो झिडकारला. आज तो सर्वमान्य आहे. शैवाकास मुळें नाहींत. पाणी व क्षार तें पावसांतून आणि हवेंतून घेतें, आणि म्हणूनच हवेंतील विषहि त्याच्या अंगांत शिरतें. त्याची वाढ फार मंद. पुष्कळ जाती वर्षाकाठीं कांहीं मिलिमीटरच वाढतात. पोतींच्या पोतीं खरवडून नेलेलें रान लवकर भरून येत नाहीं, तें यामुळेंच.

अभ्यासासाठीं मात्र बोटभर तुकडा पुरतो. सालीसकट किंवा दगडाच्या कपचीसकट तो काढून वाळवितात, कागदी पाकिटांत ठेवितात आणि वर स्थळ, उंची, झाड कीं खडक, तारीख व गोळा करणाराचें नांव लिहितात. पुण्यास १९४६ सालीं स्थापन झालेल्या महाराष्ट्र विज्ञान वर्धिनीच्या, म्हणजे आजच्या आघारकर संशोधन संस्थेच्या, आजरेकर संग्रहांत सह्याद्रींतील शैवाकें अशींच जतन केलीं आहेत. डॉ. पटवर्धन व डॉ. मखिजा यांनीं तेथें या वर्गाचा दीर्घ अभ्यास केला. शैवाकांच्या अंगचीं आम्लें वर्षानुवर्षें टिकतात. पोटॅशच्या द्रावाचा थेंब टाकतांच कांहीं जाती पिवळ्या, कांहीं तांबड्या होतात. त्यामुळें जुन्या नमुन्याचीहि परीक्षा घेतां येते.

दुकानांतील पुडी आणि संग्रहांतील पाकीट यांतील दगडफूल एकाच जातीचें असूं शकेल. भेद आहे तो पत्त्याचा. पुडींतील दगडफूल कोणत्या रानांतलें, हें कोणीहि सांगूं शकत नाहीं. पाकिटांतील नमुना मात्र त्या स्थळाच्या, त्या दिवसाच्या हवेचा साक्षीदार असतो. पॅरिसच्या लक्झेंबुर्ग बागेंत आढळणारीं शैवाकें शहरांत इतरत्र दिसत नाहींत, असें निलांडर यानें १८६६ सालीं नोंदविलें, आणि तीं हवेच्या आरोग्याचें माप होत असें सांगितलें. पुढें त्या बागेंतूनहि तीं नाहींशीं झालीं. जुनी यादी होती म्हणूनच काय गेलें तें कळलें.

नागपूरच्या उत्तरेस कोराडी व खापरखेडा येथें कोळसा जाळून वीज निर्माण होते, आणि कोळशाच्या धुरांतील गंधकाचा वायु शैवाकांस विशेष बाधक आहे. रामटेकची टेकडी, सातपुड्याचीं रानें येथें जें शैवाक आज सांपडेल, तें पत्त्यासह जपून ठेविलें, तर पन्नास वर्षांनंतर हवा सुधारली कीं बिघडली, हें ताडून पाहतां येईल. १८६३ पासून अजब बंगल्याच्या रूपानें संग्रहाचें मोल ओळखणाऱ्या या नगरास एक कागदी पाकीट आणि त्यावरील चार ओळी जड नाहींत.