हातचे न राखता

गवयांपासून गवंड्यांपर्यंत ‘हातचे राखून’ शिकवण्याची रीत आपल्या परिचयाची आहे. तिला नावे ठेवणे सोपे. पण विद्येवरच ज्याचे पोट, त्याने ती कुणाच्या भरवशावर उघडी करावी? या प्रश्नाचा मागोवा घेताना झेरॉक्स यंत्रे दुरुस्त करणाऱ्या अमेरिकी तंत्रज्ञांचे उदाहरण उपयोगी पडते.

मानववंशशास्त्रज्ञ ज्युलियन ऑर यांनी या तंत्रज्ञांबरोबर हिंडून त्यांच्या कामाचा अभ्यास केला. ‘टॉकिंग अबाउट मशीन्स’ हे त्यांचे पुस्तक १९९६ साली प्रसिद्ध झाले. अमुक बिघाडाला तमुक उपाय, अशी जाडजूड पुस्तिका कंपनीने दिलेली होती. यंत्रे मात्र पुस्तिकेबरहुकूम बिघडत नसत. मग खरे शिक्षण व्हायचे ते न्याहारीच्या टेबलावर, एकमेकांना सांगितलेल्या किश्श्यांतून.

ऑर यांनी नोंदवलेला एक प्रसंग बोलका आहे. यंत्र दाखवत असलेला बिघाड आणि त्याचे प्रत्यक्ष वागणे यांचा मेळ बसेना. तंत्रज्ञाने वरिष्ठ जाणकाराला बोलावले. त्यालाही उलगडा होईना. दोघांनी आपापले जुने अनुभव तासन्‌तास एकमेकांपुढे मांडले, तेव्हा कुठे दोष सापडला. इथे महत्त्वाची गोष्ट अशी की, ‘मला कळत नाही’ हे दोघांनाही मोकळेपणाने म्हणता आले. ज्या जागी अडाणी ठरण्याची भीती असते, तिथे हा संवाद सुरूच होत नाही.

पुढे कंपनीने हे अनुभव साठवण्यासाठी ‘युरेका’ नावाची संगणकीय व्यवस्था उभारली. तंत्रज्ञ आपली युक्ती पाठवत, सहकारी ती पारखत आणि मान्य झालेली युक्ती पाठवणाऱ्याच्या नावासह सर्वांना खुली होई. तिथे मोल होते ते बरोबरीच्या माणसांनी दिलेल्या पावतीचे.

आपल्या कारखान्यांत आणि कचेऱ्यांत मुरलेला माणूस निवृत्त होऊ लागला की त्याच्याकडून घाईघाईने टिपणे लिहून घेतली जातात. त्यांत पुस्तिकेतले ज्ञान उतरते. किश्श्यांतले त्याच्याबरोबर घरी जाते. ते मागे राहावे असे वाटत असेल, तर विचारणाऱ्याची लाज आणि सांगणाऱ्याचे श्रेय, दोन्ही आधीची अनेक वर्षे सांभाळलेली असावी लागतात. चहाच्या टपरीवरचा अर्धा तास वाया गेला असे मानणाऱ्या साहेबाने हा हिशेब एकदा मांडून पाहावा.