जू दोघांच्याही खांद्यावर

काष्टीच्या शनिवारच्या बाजारात बैलजोडी घेणारा जाणता शेतकरी एकेक बैल पाहून थांबत नाही. दोघांची चाल सारखी आहे का, हे तो जोडी चालवून पाहतो. एक ताकदवान आणि दुसरा अंगचोर असेल, तर सगळा भार एकाच खांद्यावर येतो. माणसांचेही तसेच आहे. चार हुशार माणसे एकत्र आली म्हणजे काम होतेच असे नाही. भार आणि नियम सर्वांना सारखे असतील, तरच काम तडीस जाते.

सीरतमधील खंदकाची लढाई आठवा. हिजरी सन 5, म्हणजे इ.स. 627. मदिनेवर मोठे सैन्य चालून येत होते. खंदक खणण्याची कल्पना हजरत सलमान फारसी (रजि.) यांनी मांडली. ते मक्केचे नव्हते की मदिनेचे नव्हते. इराणहून आलेले, गुलामी भोगलेले. तरीही त्यांचा मशवरा मानला गेला. काम टोळ्यांमध्ये वाटले गेले आणि पैगंबर (स.) स्वतः माती वाहू लागले. भूक सर्वांना होती, त्यांनाही होती. म्हणूनच उपाशीपोटीही सहाबांचे हात थांबले नाहीत.

आपल्याच जिल्ह्यातील हिवरे बाजार पाहा. दुष्काळाने गाव उजाड झाले होते, माणसे पोटासाठी बाहेर गेली होती. 1989-90च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले. श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी असे नियम गावाने मिळून स्वीकारले. ते सोपे नव्हते. शेळ्या पाळणाऱ्याला चराईबंदी किती जड गेली असेल! पण नियम सगळ्यांनाच होता. आजही तिथे पावसाचा हिशेब करून कोणती पिके घ्यायची हे ठरते. पाणी वाढले, बाहेर गेलेली कुटुंबे परतली. आणि गावात मुस्लिम घर एकच असूनही गावाने त्या घरासाठी मशीद उभारली. ज्या संघात एकट्याचीही गणती होते, तोच टिकतो.

आता आपल्या घराकडे वळू या. रमजानमध्ये सहरीला सर्वांत आधी कोण उठते? इफ्तारनंतर भांड्यांच्या ढिगाजवळ कोण उभे असते? बहुतेक घरांत उत्तर एकच आहे: आई. शाळेत मी मुलांना गटाने प्रकल्प देते, तेव्हाही एक मुलगी रात्रभर जागते आणि वहीवर नावे पाचांची असतात. ही सवय मुले घरातूनच घेऊन येतात. पैगंबर (स.) घरकामात हात लावत, स्वतःची पादत्राणे स्वतः सांधत, हे आपण बयानात ऐकतो, मग उठून हात धुतो आणि ताट तिथेच सोडतो.

या जुम्याला जेवणानंतर सर्वांनी दहा मिनिटे एकत्र बसा. घरातील कामे कागदावर लिहा आणि वाटून घ्या. मशवऱ्यात सर्वांत धाकट्याला आधी बोलू द्या. आणि पहिले काम वडिलांनी उचलावे. मुले ऐकण्यापेक्षा पाहून अधिक शिकतात.