धान उभं असतानाच पेरलेलं पीक

बेवड : पिकांच्या फेरपालटीवरील लेखमाला, लेखांक ७

पंडरीच्या कापड बाजारातल्या ठोक व्यापाऱ्याला पाऊसपाण्याचं विचारू नका, सरकारी धानखरेदी कधी सुरू होणार ते विचारा. गावोगावच्या सोसायट्यांच्या केंद्रांवर काटा लागला आणि शेतकऱ्यांच्या खात्यात पैसे पडू लागले, की रायपूरच्या या पेठेत पाय ठेवायला जागा उरत नाही. लग्नाचा बस्ता, पोराबाळांचे कपडे, वर्षाची चादर-चटई, सगळं त्या एका पिकाच्या पैशावर. २०२४-२५च्या हंगामात छत्तीसगड सरकारने सुमारे १४९ लाख टन धान विकत घेतलं. एकरी २१ क्विंटलपर्यंत आणि क्विंटलला ३,१०० रुपये, म्हणजे एकराला ६५,१०० रुपये. त्या वर्षी केंद्राचा हमीभाव साध्या धानाला २,३०० होता. या मुलखात फेरपालटीवर प्रवचन द्यायला निघालेल्याने आधी हा गुणाकार पाठ करावा आणि मगच तोंड उघडावं.

गेल्या लेखांकात आपण वऱ्हाडातल्या काळ्या रानात कापूस, ज्वारी आणि तूर यांची पाळी पाहिली. तिथे एका वर्षी एक पीक, दुसऱ्या वर्षी दुसरं, असा हिशेब बसतो. धानाच्या बांधीत तो बसत नाही. पावसाळ्यात तिथे तीन-चार महिने पाणी उभं असतं, त्यात धानाशिवाय दुसरं काही तग धरत नाही. त्यामुळे इथली फेरपालट वर्षावर्षांची नसून एकाच वर्षातल्या खरीप आणि रब्बीची आहे, आणि तिचा सगळा खेळ ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या दोन-तीन आठवड्यांत उरकतो.

छत्तीसगडी शेतकरी जमिनीची चार नावं घेतो. माथ्यावरची मुरमाड, पाणी न धरणारी ती भाटा. उतारावरची पिवळसर, हलकी ती मटासी. तिच्याखालची मधल्या जातीची डोरसा. सखल भागातली काळी, चिकण ती कन्हार. धान निघाल्यावर भाटा आणि मटासीत ओल राहत नाही, तिथे रब्बीचं नाव काढायचं तर विहीर किंवा कालवा हवा. डोरसा आणि कन्हार मात्र ओल धरून ठेवतात. अडचण अशी, की या ओलीचा उपयोग करायला मुदत फार थोडी मिळते. धान कापलं, भारे वाहून नेले, वाफसा यायची वाट पाहिली, नांगर घातला, तोवर वरचा थर वाळून दगड झालेला असतो आणि भेगा पडायला लागलेल्या असतात. चार महिने चिखलणी सोसलेल्या मातीचा पोतच तसा होतो.

यावर इथल्या शेतकऱ्याने फार जुना तोडगा काढला आहे. तो धान कापायची वाटच पाहत नाही. पीक पिवळं पडायला लागलं, कापणीला पंधरा-वीस दिवस उरले, की बांधी फोडून पाणी सोडून द्यायचं. खालचा चिखल मळलेल्या कणकेसारखा झाला, पाय रुतत नाही पण ठसा उमटतो, अशा वेळी उभ्या धानात शिरून दुसऱ्या पिकाचं बी फोकून टाकायचं. याला उतेरा म्हणतात. नांगरणी नाही, पाणी नाही, बहुधा खतही नाही. धान कापायला विळे घेऊन माणसं शेतात उतरतात तेव्हा त्यांच्या पायाशी बोटभर उंचीची रोपं उभी असतात. फोकताना पाणी जास्त असलं तर बी कुजतं, कमी असलं तर रुजत नाही आणि पाखरं वेचतात. ती नेमकी वेळ कुठल्या यंत्राने सांगता येत नाही, बांधीत उतरून पायाखाली बघावं लागतं.

उतेऱ्यात जवस पडतं, मसूर पडते, हरभराही पडतो. पण सगळ्यांत जास्त पडतो तो तिवरा, म्हणजेच आपली लाख किंवा लाखोळी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीतल्या वाचकांना हे वाचताना नवल वाटणार नाही. झाडीपट्टीत धानाच्या बांधीत लाखोरी आणि धुऱ्यावर तूर ही जोडी जुनीच आहे. राज्याची सीमा मधून गेली म्हणून शेती बदललेली नाही, अगदी देवरी ओलांडून राजनांदगावकडे उतरलात तरी रब्बीत शेतं तशीच दिसतात. लाखोळीच सगळीकडे का, याचं कारण तिचा चिवटपणा. तिला सुरुवातीला पायाशी पाणी साचलेलं चालतं आणि शेवटी जमिनीला भेगा पडल्या तरी चालतं. ही दोन्ही टोकं सोसणारं कडधान्य शोधायला गेलं तर हाताशी फार काही लागत नाही.

डिसेंबरअखेर तिवऱ्याचं एखादं झाड काढून बघा. उपटू मात्र नका, ओढलं की मुळावरच्या गाठी जमिनीतच तुटून राहतात. खुरप्याने मातीसकट ढेकूळ काढायचं, बादलीत बुडवून ठेवायचं आणि माती आपोआप सुटू द्यायची. बाजरीच्या दाण्याएवढ्या गाठी दिसतील. एक नखाने फोडा. आत गुलाबी-लाल रंग दिसला तर ती गाठ हवेतला नत्र पकडून झाडाला देते आहे. हिरवट पडली असेल तर तिचं काम संपत आलं, पांढरी असेल तर सुरूच झालेलं नाही. कडधान्याच्या गाठींत हे काम चालतं, असं १८८६मध्ये जर्मनीतल्या हेल्रीगेल आणि विल्फार्थ या दोघांनी दाखवून दिलं. आपल्या शेतकऱ्याला गाठीतलं जिवाणूशास्त्र ठाऊक नव्हतं, पण हरभऱ्याचा बेवड गव्हाला मानवतो हे त्याला ठाऊक होतं.

तरीही, लाखोळी पेरली की पुढच्या धानाला युरिया लागत नाही असं कुणी सांगितलं तर ऐकून सोडून द्या. पकडलेल्या नत्राचा मोठा वाटा दाण्यात जातो आणि दाणा आपण घरी नेतो. शेतात राहतात ती मुळं आणि गळलेला पाला. उतेऱ्याचं उत्पन्नही बेताचंच असतं, एकरी दोन-तीन क्विंटल मिळाले तरी माणूस समाधानी असतो. युरियाची एखादी गोणी वाचली तर वाचली. माझ्या मते उतेऱ्याचा मोठा फायदा वेगळाच आहे. सहा महिने उघडी, तापत पडणारी जमीन झाकलेली राहते, आणि धानाच्या शत्रूंना मधे उपास घडतो.

हा उपास किती मोलाचा असतो ते इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडला एका शेतावर पाहायला मिळतं. तिथे १८४३पासून त्याच तुकड्यात गहू घेत आले आहेत. १९६८मध्ये त्यातल्या काही भागात फेरपालट सुरू केली, तेव्हा मधे दुसरं पीक घेऊन मग पेरलेला गहू सलग गव्हापेक्षा सरस ठरला. मुळं सडवणाऱ्या बुरशीला मधे खंड पडला, हे त्याचं एक मोठं कारण. धानात बुरशीच्या जागी खोडकिडा, गंगई म्हणजे आपली गादमाशी, आणि माहो म्हणजे तुडतुडे आहेत. धानावर धान घेतलं की त्यांना बारा महिने जेवण.

आता लाखोळीच्या कपाळावरच्या डागाकडे येऊ. तो झाकून फेरपालटीचं कौतुक करणं प्रामाणिकपणाचं नाही. लाखोळीच्या दाण्यात ओडॅप नावाचं द्रव्य असतं. महिनोन्महिने दुसरं काही न खाता केवळ लाखोळीवर राहिलं, तर कमरेखालचे स्नायू आखडतात आणि माणूस कायमचा लुळा होतो. स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने सागर भागातली हकीकत लिहून ठेवली आहे. १८२९पासून सलग तीन वर्षं गव्हाचं पीक गेलं, लोक तिवऱ्यावर जगले, आणि १८३३पासून धडधाकट तरुणांचे पाय जायला लागले. मजुरी म्हणून जिथे लाखच मापून दिली जाई, तिथल्या वेठबिगारांनीही हे भोगलं आहे. १९६१मध्ये लाखेच्या विक्रीवर बंदीचा नियम आला. काही राज्यांनी तो लागू केला. तेव्हाच्या मध्य प्रदेशात, म्हणजे आजच्या छत्तीसगडातही, तिवरा पिकतच राहिला. ज्यामुळे हे घडतं ते ओडॅप १९६४मध्ये भारतातल्याच प्रयोगशाळांत वेगळं काढून ओळखण्यात आलं.

दाळ भिजवून, उकळून वरचं पाणी फेकलं तर बरंच विष निघून जातं, आणि भात-भाजीबरोबर वाटीभर लाखोळी खाणारा माणूस लुळा पडत नाही. भुकेल्या माणसाकडे ना दुसरं अन्न असतं, ना पाणी बदलत बसायला सरपण. दोष ताटातल्या दुष्काळाचा होता, शिक्षा पिकाला झाली. नागपूरच्या डॉ. शांतीलाल कोठारींनी ही बंदी उठावी म्हणून वर्षानुवर्षं लढा दिला, उपोषणं केली. त्यांचे सगळेच दावे मला पटत नाहीत, पण बंदीचा भार धानाच्या पट्ट्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्यावर पडतो हा त्यांचा मुद्दा बिनतोड आहे. पेरायला मोकळीक आणि विकायला बंदी, अशा पिकाला भाव कोण देणार? ते तुरीच्या दाळीत आणि बेसनात लपून विकलं गेलं. पाचरीसारखा कोनदार दाणा दाळीत दिसला की गृहिणी आजही दुकानदाराकडे संशयाने पाहते.

या गुंत्यातला एक धागा रायपुरातच सुटला. शहराच्या पूर्वेला, लाभांडीकडे, इंदिरा गांधी कृषी विद्यापीठ आहे. १९८७ साली स्थापन झालेलं हे विद्यापीठ धानाच्या तेवीस हजारांवर वाणांच्या संग्रहासाठी ओळखलं जातं. त्यापुढे तिवऱ्याची त्यांची कामगिरी दिसायला किरकोळ आहे: १९९९चा प्रतीक आणि २००८चा महातिवरा. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा रतन त्याआधीचा. या तिन्ही वाणांत ओडॅप ०.१ टक्क्याच्या आत आहे. २०११च्या अन्नसुरक्षा नियमांतही लाखेवरची बंदी कायमच होती, पण २०१६मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने या तीन वाणांच्या बाजूने कौल दिला.

म्हणजे पीक आहे, पद्धत आहे, आता बीही आहे. मग नोव्हेंबरात रायपूरहून बलौदाबाजारकडे जाताना मैलोन्मैल नुसती धसकटंच का दिसतात?

पहिलं कारण चार पायांचं आहे. धान निघालं की गावची गुरं मोकळी सुटतात. पूर्वी राऊत गुरं राखायचा, त्याला घरटी धान्य मिळायचं आणि कुणाच्या रब्बीत जनावर शिरलं तर तो जबाबदार असायचा. ट्रॅक्टर आले, बैलांची गरज सरली, गुरं दारची राहिली तरी धनी कुणी राहिला नाही. मग शंभर एकर धसकटांत एकट्याची दोन एकर हिरवी लाखोळी म्हणजे साऱ्या गावच्या गुरांना आवतणं. जून २०२०मध्ये राज्य सरकारने रोका-छेका या जुन्या रिवाजाला मोहिमेचं रूप दिलं, गुरं बांधून ठेवायची, गोठाणात न्यायची. पण तो खरिपासाठी. उतेऱ्याला तो डिसेंबर-जानेवारीत हवा असतो. फेरपालट करायची की नाही हे एकट्या शेतकऱ्याच्या हातात आहे, असं पुस्तकं गृहीत धरतात. इथे ते गावाने एकत्र बसून ठरवावं लागतं.

दुसरं कारण चार चाकांचं. मजूर मिळत नाहीत म्हणून धान हार्वेस्टरने कापतात. त्या यंत्राला कोरडी जमीन लागते आणि उतेऱ्याला ओली. कोवळी रोपं चाकाखाली जातात, उरलेल्यांवर तणसाचा थर पडतो. विळ्याने कापणी करणाऱ्याला हा प्रश्न कधी पडलाच नव्हता.

तिसरं कारण आपण सुरुवातीला पाहिलेला गुणाकार. गंमत अशी, की उतेरा ही अशी फेरपालट आहे जी शेतकऱ्याला ते ६५,१०० सोडायला सांगतच नाही. तो धान घेतो, विकतो, आणि त्याच ओलीवर वर आणखी काहीतरी मिळवतो. सरकारी प्रोत्साहनाचा रोख मात्र धान सोडवण्यावर राहिला. २०२१मध्ये राजीव गांधी किसान न्याय योजनेत धानाला एकरी ९,००० आणि धानाऐवजी दुसरं पीक घेणाऱ्याला १०,००० रुपये ठरले. एका हजारासाठी हमखास विकलं जाणारं पीक कोण सोडेल? धानाच्या पोटात पेरल्या जाणाऱ्या पिकाकडे कुणाचं फारसं लक्षच गेलं नाही. केंद्राचा हमीभाव ज्या कडधान्यांना आहे ती हरभरा, मसूर, तूर, मूग आणि उडीद. तिवरा त्यांत नाही, त्यामुळे तो मिळेल त्या भावाने व्यापाऱ्याच्या काट्यावर जातो. तिवऱ्याला हमीभाव द्या असं मी म्हणणार नाही, कमी विषाचा आणि जुना दाणा बाजारात वेगळा ओळखता येत नाही तोवर ते धोक्याचं आहे. पण ज्या गावाने रब्बीत गुरं आवरली, त्या गावाला मसूर आणि जवसाच्या उतेऱ्यासाठी बी आणि खरेदीची हमी देणं अशक्य नाही.

तोवर, यंदा ऑक्टोबरात कुणी तिवरा फोकणार असेल तर एवढं पाहावं. बी घरचं, दरवर्षी राखलेलं असेल तर ते बदला. प्रतीक किंवा महातिवरा एकदा आणला की पिढ्यान्‌पिढ्या चालेल असं नाही. तिवऱ्याच्या निळ्या-पांढऱ्या फुलांवर मधमाश्या येतात, शेजारच्या बांधीत जुना तिवरा फुललेला असेल तर त्याचे पराग इकडे येतात, आणि काही वर्षांत कमी विषाचं बी पुन्हा जुन्यासारखं होत जातं. म्हणून दर तीन-चार वर्षांनी विद्यापीठाकडून किंवा बीज निगमकडून नवं बी घ्या आणि जमलं तर शेजाऱ्यालाही तेच घ्यायला लावा. पेरण्याआधी बियाला रायझोबियम चोळा, कारण चार महिने पाण्याखाली राहिलेल्या मातीत या जिवाणूंची संख्या घटलेली असते.

पुढील लेखांकात : गंगरेलचं पाणी, उन्हाळी धान आणि ते न लावण्याचं ठरवणारी धमतरीकडची गावं.